थोर सालाची वाइन कोवळेपणीही प्यावी

फ्रान्समधल्या बोर्दोची उंची रेड वाइन पंधरा-वीस वर्षं तळघरात मुरवायची असते, असं सगळेच सांगतात. त्याला जोडून आणखी एक समज चालत आला आहे: साल (म्हणजे द्राक्षं काढली ते वर्ष) जितकं थोर, तितकी त्याची वाइन सुरुवातीला जास्त तुरट आणि न पिण्याजोगी. १९८२ सालाने तो खोटा पाडला.

त्या वर्षी बोर्दोत फुलोरा लवकर आणि एकसारखा आला, सप्टेंबरच्या सुरुवातीला कडक ऊन पडलं आणि द्राक्षं पुरती पिकली. पुढच्या वसंतात पिंपातली वाइन चाखून अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी तिची तोंड भरून स्तुती केली. काही जाणकारांनी मात्र नाकं मुरडली. इतकी मऊ, इतकी कमी आंबट वाइन टिकणार कशी? पण त्या सालची शातो लातूर या बोर्दोतल्या मळ्याची वाइन (आपल्या लातूरशी संबंध नाही) चाळीस वर्षांनंतरही दिमाखात उभी आहे.

तुरटपणा हा चवीपेक्षा स्पर्शाचा मामला. द्राक्षाच्या सालीत आणि बीत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. लाळेतल्या, प्रोलीन हे अमिनो आम्ल भरपूर असलेल्या प्रथिनांमुळे तोंड ओशट, गुळगुळीत राहतं. टॅनिन या प्रथिनांना चिकटलं की त्यांचा साका होतो, वंगण जातं आणि जीभ टाळ्याला घासू लागते. कच्चं केळं चावल्यावर होतं, तेच.

द्राक्ष पिकत जातं तशी बी हिरवी सोडून तपकिरी होते आणि तिच्यातलं टॅनिन रसात कमी उतरतं. उष्ण दिवसांत आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल द्राक्षाच्या श्वसनातच खर्ची पडतं. आंबटपणा तुरटपणाला धार लावतो, त्यामुळे तो उतरला की भरपूर टॅनिनही बोचत नाही. कॅबरने या बोर्दोतल्या द्राक्षाला ढोबळ्या मिरचीचा वास देणारी पायराझिन संयुगंसुद्धा पिकताना घटतात. वाइन टिकवायला लागणारं टॅनिन असं आत शाबूत असतं, तरी पहिल्या घोटालाच ती गोड वागते.

१९७५ची बोर्दो नेमकी उलट. जाड साली, करडं टॅनिन. लोक निष्ठेने थांबले आणि कित्येक बाटल्यांत टॅनिन मऊ होण्याआधी फळाची चवच विरून गेली.

मुरताना वाइन गमावतेही. जांभळा रंग देणारी अँथोसायनिन पहिल्या काही वर्षांतच टॅनिनशी जोडली जातात आणि रंग हळूहळू विटकरी होतो. फळांचा वास देणारी बरीचशी एस्टर तुटतात. त्यांच्या जागी चामडं, तंबाखू, ओला पालापाचोळा असे वास येतात. ते श्रेष्ठ, हे ठरवलं कुणी? मला तर कोवळ्या वाइनचा तो ताजा, रसरशीत वास तितकाच मोलाचा वाटतो, आणि एकदा गेला की तो परत येत नाही. शिवाय मधली काही वर्षं अशा वाइन मुक्या होतात; फळ मागे सरतं, मुरलेपण अजून आलेलं नसतं. म्हणून पेटीभर घेतली असेल तर एखादी बाटली पहिल्या दोन-तीन वर्षांतच उघडावी.

सोबत चीज किंवा मटण हवं. त्यातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवून ठेवतात. वाइन १६ ते १८ अंशांवर असावी. फार गार केली तर तुरटपणा वाढतो, आणि पुण्याच्या एप्रिलात तशीच ओतली तर नाकात नुसता अल्कोहोल जातो, तेव्हा थोडा वेळ फ्रिज बरा. तासभर आधी सुरईत ओतल्याने टॅनिनमध्ये फारसा फरक पडत नाही, पण बाटलीत कोंडलेले वास निघून जातात.