बागेत पाणी: खड्डा खणण्याआधी वाचा

घरच्या बागेत कारंजे, गोट्यांचे कुंड किंवा छोटे तळे करायचे ठरले की बहुतेक जण आधी पंप आणि दगड पसंत करतात, जागा मागाहून बघतात. क्रम उलटा हवा. पाणी कमी होते, हिरवे पडते, कारंज्याला जोर नाही अशा तक्रारींपैकी बऱ्याचशा जागा, काठाची पातळी आणि पंपाची निवड या तीन ठिकाणी आधीच ठरून गेलेल्या असतात. म्हणून या पत्रकात दगड आणि दिव्यांबद्दल कमी आणि या तिन्हींबद्दल जास्त लिहिले आहे.

जागा

मोठ्या झाडाखाली तळे नको. पाने पाण्यात पडून कुजतात आणि शेवाळाला आयते खाद्य मिळते. शिवाय मुळे लायनरखाली (पाणी झिरपू नये म्हणून खड्ड्यात पसरतात त्या जाड चादरीखाली) शिरतात. बागेतला सगळ्यात सखल कोपरा तळ्यासाठी अगदी योग्य वाटतो, पण तोही टाळा. पावसात वाफ्यांतले खत-माती वाहून तिथेच येते, आणि जमिनीतले पाणी वर चढले की लायनर खालून फुगून वर उचलला जातो. वॉटर लिली लावायची असेल तर दिवसाला पाच-सहा तास ऊन लागते. नुसते कारंजे असेल तर सावली उत्तम.

गच्चीवर करायचे असेल तर आधी वजनाचा हिशेब करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 40 सेंमी खोल पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 400 किलो, आणि यात दगड, कुंड, माती काहीच धरलेले नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय आम्ही गच्चीवरचे काम घेत नाही. कुणी घेत असेल तर तुम्हीच नको म्हणा.

उघडे तळे की झाकलेले कुंड

घरात लहान मूल असेल तर उघडे तळे काही वर्षे लांबणीवर टाका. तान्ह्या-रांगत्या मुलाला बुडायला पाच सेंमी पाणीही पुरते. त्याऐवजी गोट्यांचे कुंड करा: जमिनीत टाकी, तिच्यावर वजन पेलणारी मजबूत जाळी, जाळीवर गोटे. भोक पाडलेल्या दगडातून किंवा रांजणातून पाणी वर येते, ओघळते आणि गोट्यांतून परत टाकीत जाते. पहिल्यांदाच करणाऱ्यांनाही आम्ही हेच सुचवतो, कारण चूक झाली तरी ती अर्ध्या दिवसात दुरुस्त होते.

टाकी निदान 100 लिटरची घ्या आणि ती रिकामी ठेवा, तिच्यात गोटे भरू नका. गोट्यांनी भरलेल्या टाकीत मोकळी जागा साधारण 40 टक्केच उरते. म्हणजे 100 लिटरच्या टाकीत पाणी 40 लिटर, आणि उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत पंप कोरडा फिरू लागतो. गोट्यांखालचा लायनर पाणी जितक्या उंचीवरून पडते तितका तरी सगळ्या बाजूंनी बाहेर हवा, नाहीतर उडालेले शिंतोडे मातीत जिरतात.

खड्डा, पातळी, लायनर

जमिनीवर जाड दोरी किंवा होसपाईप टाकून आकार आखा आणि दोन दिवस तसाच ठेवून घरातल्या खिडकीतून पाहत राहा. पसंत पडला की खणा. कडेने 25 ते 30 सेंमी रुंद आणि तितकीच खोल पायरी ठेवा, काठावरच्या झाडांच्या टोपल्या तिच्यावर बसतात. मधला भाग 60 सेंमी खोल पुरतो. बाजू अगदी उभ्या नकोत, थोडा उतार द्या, म्हणजे माती ढासळत नाही.

आता पातळी. काठाने दर मीटरला एक खुंटी ठोका आणि गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप घेऊन प्रत्येक खुंटीवर एकाच उंचीची खूण करा. लांब फळी आणि स्पिरिट लेव्हलनेही जमते, पण गोलाकार काठावर पाईपच बरा. काठ एका बाजूला तीन सेंमी खाली राहिला तर पाणी तिथून बाहेर जाते आणि समोरच्या बाजूला तीन सेंमी काळा लायनर कायमचा उघडा दिसतो. लायनर टाकल्यावर हे सुधारणे जिवावर येते, म्हणून आत्ताच तासभर जास्त घालवा.

लायनरचे माप असे काढा: लांबी + खोलीची दुप्पट + दोन्ही काठांना 30-30 सेंमी. तळे 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 60 सेंमी खोल असेल तर लांबी 3 + 1.2 + 0.6 = 4.8 मीटर आणि रुंदी 2 + 1.2 + 0.6 = 3.8 मीटर. पायऱ्यांसाठी वेगळे काही धरावे लागत नाही. पाणी किती मावेल? 3 × 2 × 0.6 = 3.6 घनमीटर, म्हणजे 3600 लिटर. उतार आणि पायऱ्या वजा जाता सुमारे 2900 धरा.

एक मिमी जाडीचा ईपीडीएम रबर लायनर सगळ्यात चांगला. घड्या सहज घेतो आणि उन्हाने लवकर कडक होत नाही. साधी ताडपत्री वापरू नका. ती विणलेली असते, उन्हात पापुद्रे सुटतात आणि घडीवर झिरपू लागते. लायनरखाली टोकदार खडे व मुळे काढून जिओटेक्स्टाइल (लायनरला टोचू नये म्हणून अंथरायचे जाड कृत्रिम कापड) किंवा पाच सेंमी ओली वाळू पसरा. लायनर तासभर उन्हात उलगडून ठेवला की मऊ होतो. मग थोडे थोडे पाणी भरत घड्या सारख्या करा. कडा लगेच कापू नका. तळे पूर्ण भरून एक दिवस बसू द्या, मगच कात्री लावा.

कापताना लायनरचे टोक काठाच्या दगडामागे पाण्याच्या पातळीपेक्षा निदान पाच सेंमी वर उभे राहिले पाहिजे. ते आडवे मातीत गाडले किंवा त्याच्यावरून हिरवळ पाण्यात उतरली, तर माती आणि मुळे दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढत राहतात. गळती म्हणून आलेल्या तक्रारींत लायनर फाटलेला कमी आणि काठ असा भिजलेला जास्त सापडतो.

सिमेंटचे कुंड केले तर त्यातला चुना पाण्यात उतरून पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) वाढतो. तीन-चार वेळा भरून रिकामे करा, आणि पीएच 8.5 च्या खाली आल्याशिवाय मासे सोडू नका.

पंप

खोक्यावर "3000 लिटर/तास" लिहिलेले असते ते शून्य उंचीवरचे. शेजारीच "एच मॅक्स 2 मीटर" असते, त्याचा अर्थ दोन मीटरवर एक थेंबही येणार नाही. मधल्या उंचीवर किती मिळेल ते पंपाच्या आलेखात बघा, अंदाजाने घेऊ नका. उंची मोजायची ती पाण्याच्या पृष्ठभागापासून पाणी सुटते त्या तोंडापर्यंत. पंप किती खोल ठेवला आहे याचा संबंध नाही.

धबधब्याच्या ओठाला (पाणी जिथून खाली पडते त्या कडेला) दर सेंमी रुंदीमागे ताशी सुमारे 150 लिटर लागतात. ओठ 30 सेंमी रुंद असेल तर 4500 लिटर, तेही त्या उंचीवर. कमी पडले की पाण्याचा पडदा तुटतो आणि ते दगडाला चिकटून मागे ओघळते. पाईप बारीक घेऊ नका: तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या पाईपमधून ढकलताना घर्षणाने होणारा तोटा जवळपास 32 पट होतो. पंप जरा मोठा घ्या आणि बाहेरच्या पाईपवर व्हॉल्व्ह लावून धार कमी करा. ओढणाऱ्या बाजूला व्हॉल्व्ह कधीच नको.

कारंज्याची उंची कुंडाच्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा जास्त ठेवू नका. वाऱ्याच्या जागी त्याच्याही निम्मी.

पंप तळाशी गाळात न ठेवता विटेवर ठेवा. नुसता घूं घूं आवाज येतो आणि पाणी येत नाही, तर बहुधा आत हवा अडकली आहे: प्लग काढा, पंप पाण्याखालीच तिरका करून हलवा, बुडबुडे निघतील. तरीही नाही, तर पुढचे झाकण उघडून फिरकी बघा. केस, पानाचा देठ किंवा क्षारांचा पांढरा थर तिला धरून बसलेला असतो. व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासा आणि धुऊन लावा.

वीज

एमसीबी (जास्त प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच) तारेला वाचवतो, माणसाला नाही. बाहेरच्या सर्किटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) असलाच पाहिजे आणि त्याचे "टी" बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. छोट्या कारंज्याला 12 व्होल्टचा पंप पुरतो. तारेचा जोड पाण्यात नको, आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

पाणी भरल्यावर

नळाच्या पाण्यातला क्लोरीन पंप चालू ठेवला तर एक-दोन दिवसांत उडतो. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे न उडणारे संयुग) असेल तर मात्र औषधच लागते. दोन-तीन आठवड्यांत पाणी हिरवे पडेल. ते बदलू नका, नव्या पाण्याबरोबर शेवाळाला पुन्हा नवे खाद्य मिळते. वॉटर लिली आणि तरंगत्या झाडांनी निम्मा पृष्ठभाग झाकला की पाणी हळूहळू निवळते. लिली मात्र कारंज्यापासून दूर ठेवा, पानांवर सतत पाणी पडलेले तिला सोसत नाही. जलपर्णी आणू नका. यूव्ही (अतिनील किरणांच्या) दिव्याने हिरवे पाणी साफ होते, पण धाग्यांचे शेवाळ हातानेच काढावे लागते.

मासे थोडे आणि हळूहळू सोडा. त्यांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दोन-चार गप्पी मासे डासांच्या अळ्या संपवतात. त्यांना नदी-तलावात मात्र सोडू नका. उष्ण हवेत सात-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, त्यामुळे मासे नसतील तर पंप रोज चालवा.

पाणी घटतेय असे वाटले तर लगेच गळती धरू नका. उन्हाळ्यात वारा असेल तर रोज 5 ते 10 मिमी पाणी वाफ होऊन जाते. आधी सांगितलेल्या 3 × 2 मीटरच्या तळ्यात 6 मिमी म्हणजे 36 लिटर. खात्रीसाठी बादलीत पाणी भरून ती पायरीवर ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करा, दोन्हीकडे खूण करा. पंप बंद ठेवून 24 तासांनी बघा. दोन्ही सारखेच उतरले तर ते बाष्पीभवन. तळे जास्त उतरले तर गळती लायनरमध्ये किंवा काठावर. पाणी जिथे थांबेल त्या पातळीवर सगळीकडे बोटे फिरवून छिद्र शोधा. पंप चालू असतानाच घट होत असेल तर पाईप, धबधबा किंवा उडणारे शिंतोडे तपासा.

पंप निवडायला आमच्याकडे येताना पाण्याचे अंदाजे लिटर, पृष्ठभागापासून तोंडापर्यंतची उंची, पाईपची लांबी व वळणे, आणि ओठाची रुंदी एवढे लिहून आणा.