डोलकाठी आडवी करून नेताना: ट्रेलरवर बोट नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

मे संपत आला की मुंबई बंदरातला शिडाच्या बोटींचा हंगाम आटोपतो आणि आमच्या कार्यशाळेसमोर ट्रेलर येऊ लागतात. कुणाला बोट खडकवासल्याला न्यायची असते, कुणाला पवनेला, तर कुणाला जुलैतल्या शर्यतींसाठी थेट हैदराबादच्या हुसेनसागरावर. बोट बहुतेकांनी चांगली बांधलेली असते. डोलकाठी मात्र निघायच्या शेवटच्या पाच मिनिटांत, हाताशी आलेल्या दोरीनं, कशीबशी आवळलेली दिसते. पाण्यावर वाकलेल्या काठ्या आमच्याकडे दुरुस्तीला येतात तशा रस्त्यावर वाकलेल्याही येतात, आणि त्या दुसऱ्या प्रकारातली प्रत्येक काठी वाचू शकली असती असं आम्हाला वाटतं. म्हणून हे पत्रक. निघायच्या आदल्या संध्याकाळी वाचा, निघताना वाचायला वेळ मिळत नाही.

आधी काठी मोजा, मग ट्रेलर ठरवा

काठी बोटीपेक्षा लांब असते ही साधी गोष्ट ट्रेलर घेताना विसरली जाते. फोर-ट्वेंटी बोट ४.२ मीटरची, तिची काठी सहा मीटरहून लांब. होबी १६ ही पाच मीटरची, काठी आठ मीटरच्या आसपास. ऑप्टिमिस्ट या मुलांच्या छोट्या बोटीवाल्या पालकांना हा प्रश्न नाही, ती काठी बोटीतच मावते. लेझर बोटीची काठी दोन तुकड्यांत निघते. बाकी सगळ्यांनी ट्रेलरची लांबी काठीवरून ठरवावी.

परदेशातल्या फोटोंत काठीचं टोक ट्रेलरच्या मागे दीड-दोन मीटर लोंबताना दिसतं आणि त्याला लाल फडकं बांधलेलं असतं. आपल्याकडे त्या फडक्यावर विसंबू नका. गाडीच्या मापाबाहेर पुढे, मागे किंवा बाजूला आलेल्या मालासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, २०,००० रुपये दंड आहे आणि माल उतरवण्याचा खर्चही आपल्याच माथी येतो. दंडाहून मोठी गोष्ट म्हणजे मागून येणारा दुचाकीवाला. अंधारात त्याला ट्रेलरचे दिवे दिसतात, त्यांच्या मागे त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर असलेली अल्युमिनियमची नळी दिसत नाही. वळणावर तर ते टोक ट्रेलरच्या उलट दिशेला बाहेर झोकतं.

यावर उपाय एकच, ट्रेलरचा पुढचा दांडा लांब करून घेणं. काठीचा बुंधा त्या दांड्याच्या वर येतो आणि शेंडा मागच्या दिव्यांच्या पट्टीच्या आत राहतो. जुन्या ट्रेलरचा दांडाही वाढवता येतो, पण ते काम नुसत्या वेल्डिंगनं उरकू नका. दांड्यावरचा भार आणि हुकावर येणारं वजन दोन्ही बदलतं, आणि आरटीओच्या नोंदीतली लांबीही.

घोड्या कुठे ठेवायच्या

काठी दोन टोकांना टेकवून मध्ये मोकळी सोडणं ही सर्रास दिसणारी पद्धत आणि तीच सर्वांत वाईट. दोनच घोड्या, म्हणजे काठी टेकवायचे आधार, असतील तर दोन्हीकडे लांबीचा साधारण पाचवा भाग बाहेर राहील अशा ठेवा. सहा मीटरच्या काठीला प्रत्येक टोकापासून सव्वा मीटरवर. एवढ्या बदलानं काठीवरचा वाकवणारा ताण जवळजवळ सहा पटींनी कमी होतो. उभ्या ट्रेलरवर हा फरक डोळ्यांना दिसणार नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर दोन तास काठी वरखाली झुलली की दिसतो, आणि तडा बहुधा जिथे भोकं पाडून फिटिंग बसवलेलं असतं, म्हणजे स्प्रेडरच्या (तारांना बाहेर ढकलणाऱ्या आडव्या दांड्यांच्या) किंवा श्राउडच्या (काठीला बाजूंनी धरणाऱ्या तारांच्या) जागी जातो.

लांब काठीला तिसरी घोडी हवी. ती मधोमध, पण इतर दोघींच्या सरळ रेषेत. मधली घोडी बोटभर वर आली तर सगळा भार तिच्यावर, बोटभर खाली गेली तर ती असून नसल्यासारखी. पुढच्या घोडीपासून मागच्या घोडीपर्यंत सुतळी ताणून धरा, लगेच कळतं.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल आमचा ग्राहकांशी वाद होतो. पुढची घोडी ट्रेलरच्या विंचच्या (बोट ओढून घ्यायच्या चरकाच्या) खांबावर आणि मागची बोटीच्या ट्रान्समवर, म्हणजे मागच्या सपाट बाजूवर, अशी जोडणी खूप जण करतात. आम्ही ती टाळायला सांगतो. पट्टे कितीही आवळले तरी बोट रबरी पॅडवर थोडी हलतेच, ट्रेलर त्याच्या स्प्रिंगवर वेगळा हलतो, आणि काठी त्या दोघांच्या मध्ये पिळली जाते. सगळ्या घोड्या ट्रेलरवर घ्या किंवा सगळ्या बोटीवर. आमची पसंती ट्रेलरला, कारण हलक्या फायबरच्या बोटीच्या कडेवर काठीचे हादरे बसावेत असं आम्हाला वाटत नाही.

शिडाची खाच वरच्या बाजूला येईल अशी काठी ठेवा. खाचेवर भार पडला की तिच्या कडा दबतात आणि मग पाण्यावर शीड अर्ध्यावर अडकतं. घोडीत गादी म्हणून जुना गालिचा चालतो, सायकलची ट्यूब त्याहून चांगली. स्पंज आणि गोणपाट नको. दोन्ही खारं पाणी धरून ठेवतात, आणि स्टेनलेसच्या फिटिंगला लागून असलेलं अल्युमिनियम तिथेच पांढरं पडून खायला लागतं. काठी निघण्याआधी गोड्या पाण्यानं धुऊन कोरडी करा, हे अर्थातच आलं.

पुढे सरकणं: ज्याचा विचार कुणी करत नाही

काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः एका ग्राहकाची बोट सोलापूरमार्गे हैदराबादला नेत होतो. काठीवर तीन आडवे पट्टे होते, तिन्ही घट्ट. पहाटेचं दव पडलं होतं. बाजूच्या शेतातून एक बैलगाडी रस्त्यावर आली, चालकानं ब्रेक दाबला, आणि काठी तिन्ही पट्ट्यांखालून सुळकन पुढे जाऊन जीपच्या मागच्या काचेतून आत शिरली. मागच्या सीटवर त्या दिवशी कुणी बसलेलं नव्हतं. शीडं ठेवली होती. त्या सीटवर एखादं पोर झोपलेलं असतं तर काय झालं असतं हा विचार आजही आमची पाठ सोडत नाही, आणि या पत्रकातलं दुसरं काहीही विसरलात तरी हा भाग विसरू नका अशी कळकळीची विनंती आहे.

आडवा पट्टा काठीला फक्त खाली दाबतो. पुढे जाण्यापासून तिला रोखतं ते घर्षण, आणि ओल्या अल्युमिनियमवर ते फारसं नसतं. माल बांधण्याचं युरोपीय मानक जोरात ब्रेक लागल्यावर पुढच्या दिशेनं मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर धरतं, बाजूला आणि मागे ०.५ पट. १५ किलोच्या काठीसाठी पुढच्या दिशेला हे १२ किलो होतात. एका चांगल्या दोरीला हे काहीच नाही, पण ती दोरी लांबीच्या दिशेनं बांधलेली हवी.

म्हणून बुंध्याच्या फिटिंगमधून, किंवा बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) जिथे अडकते त्या गूजनेक नावाच्या सांध्यामधून, आठ मिलिमीटरची न ताणणारी दोरी ओवून मागच्या दिशेनं ट्रेलरच्या चौकटीला बांधा. ही काठीला पुढे जाऊ देत नाही. दुसरी दोरी तिथूनच पुढच्या दिशेनं, म्हणजे चढावर किंवा धक्क्यानं काठी मागे घसरणार नाही. बुंध्याला फिटिंग नसलेल्या काठीवर क्लोव्ह हिचची गाठ घालून तिच्यावर आणखी दोन वेढे घ्या. पण गाठ श्राउडच्या फिटिंगच्या किंवा स्प्रेडरच्या पाठीमागे अडेल अशा जागी घ्या, नुसत्या गुळगुळीत नळीवर नको.

आडव्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. ट्रकवाले वापरतात तो दांडीनं आवळायचा रॅचेट पट्टा लहान बोटीच्या काठीवर लावू नका. हाताला फार जोर न देताही तो पातळ नळी चेपू शकतो, आणि कार्बनच्या काठीला आतल्या आत तडा गेलेला बाहेरून दिसतही नाही. २५ मिलिमीटरचा कॅम बकलचा, म्हणजे हातानं ओढून अडकवायचा पट्टा पुरतो. बांधताना त्याला एक अर्धा पीळ द्या, नाहीतर वाऱ्यात तो फडफडतो आणि हळूहळू सैल होतो. हुकवाली रबरी दोरी सुट्या गोष्टी आवरायला ठीक, काठी धरायला नाही.

तारा, टर्नबकल आणि बाकीचं

स्टे (काठीला पुढे-मागे धरणाऱ्या तारा) आणि श्राउड काठीला समांतर ओढून दर हातभर अंतरावर मऊ सुतळीनं बांधा. एक टोक सुटून रस्त्यावर लोंबलं आणि ट्रेलरच्या चाकात गुंतलं की चाक ती तार आणि तिच्यासोबत काठी ओढून नेतं. तार दुमडू नका. स्टेनलेसच्या तारेला एकदा दुमड पडली की ती सरळ केल्यासारखी दिसली तरी तार बदलावीच लागते. टर्नबकल, म्हणजे तारा ताणायचे आट्यांचे स्क्रू, कापडी पिशवीत घालून काठीला बांधा, आट्यांत वाळू गेली की पुढे तासभर त्रास. स्प्रेडर निघत असतील तर काढा, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण तर नक्कीच काढा. तारा जोडायच्या क्लिव्हिस पिना आणि त्यांच्या रिंगा एका डबीत, आणि ती डबी गाडीत, बोटीत नव्हे.

निघण्याआधी अंगणातच दोन गोष्टी करून बघा. जीपची डिकी पूर्ण उघडा, ती काठीला लागते का ते दिसेल. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून ट्रेलर काटकोनापर्यंत न्या आणि बुंधा गाडीच्या कोपऱ्याला घासतो का पाहा. गतिरोधकावर गाडी आणि ट्रेलर वेगवेगळे कलतात तेव्हा हे अंतर आणखी कमी होऊ शकतं, त्यामुळे वीतभर तरी मोकळी जागा हवी.

पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबाच. गाद्या तोवर बसलेल्या असतात आणि पट्टे हमखास ढिले पडलेले असतात. मुंबईहून पुण्याला जाताना ही तपासणी घाट चढायच्या आधी झालेली बरी. पुढे प्रत्येक चहाला.

पोचल्यावर, काठी उभी करण्याआधी

बोट पाण्यात लोटण्याच्या घाईत माणूस खाली बघतो, वर बघत नाही. धरणांच्या कडेनं वाड्यावस्त्यांना जाणाऱ्या ११,००० व्होल्टच्या तारा रस्त्यावरून आणि कधी थेट उतारावरूनही गेलेल्या असतात. रस्ता ओलांडणाऱ्या अशा तारेची किमान उंची नियमानुसार ६.१ मीटर असते. ट्रेलरवरच्या होबीवर उभी केलेली काठी नऊ मीटरवर पोचते. अल्युमिनियम वीज वाहून नेतं, कार्बनही नेतं, आणि तार प्रत्यक्ष टेकायलाच हवी असंही नाही. काठी विजेच्या तारेला लागून झालेल्या अपघातांनंतर होबी कंपनीनं काठीचा वरचा भाग फायबरचा करायला सुरुवात केली, पण खालची नळी आणि स्टेच्या तारा धातूच्याच आहेत.

जागेवर पोचलात की काठीला हात लावण्याआधी आजूबाजूला, पाण्याच्या कडेपर्यंत आणि त्याच्या पलीकडे चालत जा. तारा दिसल्या तर काठी तिथे उभी करू नका, आणि उभ्या काठीसह ट्रेलर एक फूटही ढकलू नका. स्थानिक कोळी किंवा क्लबचा माणूस मोकळी जागा दाखवतो.

घोड्या तुमच्या काठीच्या आकाराप्रमाणे आम्ही सागवानात किंवा पाइपात करून देतो. त्यासाठी ट्रेलर आणावा लागतो, बोट आणली नाही तरी चालेल, पण काठी आणा. ती आणताना पुढे-मागे बांधायच्या त्या दोन दोऱ्या बांधूनच आणा.