हवामान केंद्राचे सॉफ्टवेअर आणि नोंदींचा साठा : जागेची निवड

स्वयंचलित हवामान केंद्राकडून येणारी मोजमापे टिपणारे सॉफ्टवेअर कोणत्या संगणकावर व त्यातील कोणत्या डिरेक्टरीत बसवावे, आणि जमा होणाऱ्या नोंदी कोठे ठेवाव्यात, हा केंद्र उभारतानाच घ्यावयाचा निर्णय आहे. सॉफ्टवेअर केव्हाही नव्याने उतरवून घेता येते. होऊन गेलेल्या दिवसाचा पाऊस मात्र पुन्हा मोजता येत नाही. म्हणून नोंदींच्या जागेचा विचार आधी आणि प्रोग्रॅमच्या जागेचा नंतर करणे योग्य ठरते.

टॉम केफर यांनी सुरू केलेले, पायथन भाषेतील ‘वीवेक्स’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर या निवडीचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत स्वतःहून मांडणी करणाऱ्यांच्या संगणकावर प्रोग्रॅम, संरचना फाइल (म्हणजे सेटिंग्जची फाइल) आणि डेटाबेस हे सारे सहसा ‘/होम/वीवेक्स’ या एकाच डिरेक्टरीत नांदत असे. 2024 च्या जानेवारीत आलेल्या पाचव्या आवृत्तीने ही सरमिसळ मोडली. ‘पिप’ या पायथनच्या प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनाने बसवल्यास प्रोग्रॅम पायथनच्या आभासी वातावरणात, म्हणजे त्याच्यासाठी वेगळ्या राखलेल्या डिरेक्टरीत राहतो, तर संरचना फाइल, पानांचे साचे आणि डेटाबेस वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीतील ‘वीवेक्स-डेटा’ या डिरेक्टरीत जातात. डेबियन या लिनक्स प्रणालीचे तयार पॅकेज वापरल्यास लिनक्सची रूढ विभागणी पाळली जाते : संरचना ‘/ईटीसी’खाली, प्रोग्रॅम ‘/यूएसआर’खाली आणि बदलता डेटा ‘/व्हार’खाली. पॅकेज प्रणालीबरोबर आपोआप अद्ययावत होते, परंतु बॅकअप घेताना दोन-तीन ठिकाणे लक्षात ठेवावी लागतात. ‘पिप’च्या मांडणीत एकच डिरेक्टरी उचलली की केंद्र दुसऱ्या संगणकावर हलवता येते. ज्यांना साचे आणि विस्तार स्वतः बदलायचे आहेत त्यांना ‘पिप’ची पद्धत अधिक सोयीची पडते. संरचना फाइलमध्ये संकेतस्थळाचे व डेटाबेसचे पासवर्ड असतात, त्यामुळे कोणतीही पद्धत निवडली तरी ती फाइल इतरांना वाचता येणार नाही अशी परवानगी लावावी.

नोंदी दर पाच मिनिटांनी घेतल्या तर वर्षाला 1,05,120 ओळी होतात, आणि त्या एसक्यूलाइट या एकाच फाइलमध्ये राहणाऱ्या डेटाबेसमध्ये सहज मावतात. खरा प्रश्न आकाराचा नसून सतत लिहिण्याचा आहे. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकात सारे काही एसडी कार्डावर असते. कार्डाच्या फ्लॅश स्मृतीला लेखनाची मर्यादा असते, आणि लिहिणे चालू असताना वीज गेली तर संपूर्ण फाइलप्रणाली बिघडू शकते. आलेख आणि वेबपाने दर फेरीला नव्याने तयार होतात व गेली तरी पुन्हा तयार करता येतात. ती रॅममधील तात्पुरत्या फाइलप्रणालीत ठेवावीत. डेटाबेस मात्र यूएसबीने जोडलेल्या एसएसडीवर असावा, आणि सोबत छोटा यूपीएस असावा. अवकाळीच्या गडगडाटात किंवा मुसळधार पावसात, म्हणजे नोंद सर्वांत मोलाची असते नेमक्या त्याच वेळी, वीज जाण्याची शक्यताही सर्वाधिक असते.

डेव्हिस कंपनीच्या व्हॅन्टेज प्रो 2 सारख्या केंद्राच्या डेटा लॉगरमध्ये, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या उपकरणात, 2,560 नोंदींची जागा असते, म्हणजे पाच मिनिटांच्या अंतराने जवळजवळ नऊ दिवसांची. संगणक बंद राहिला तरी तो परत सुरू झाल्यावर वीवेक्स मधली पोकळी भरून काढते. ज्या केंद्रांना अशी स्मृती नाही, त्यांच्या बाबतीत संगणक बंद असलेला काळ कायमचा गमावला जातो.

डेटाबेस घरातील नेटवर्क साठ्यावर ठेवण्याचा मोह होतो, पण एसक्यूलाइटची फाइल अशा सामायिक फोल्डरवर ठेवू नये, कारण एकाच वेळी दोघांनी लिहू नये म्हणून फाइलला कुलूप लावण्याची व्यवस्था तेथे भरवशाची नसते. नोंदी दुसऱ्या यंत्रावरच हव्या असतील तर तेथे मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेस प्रणालीचा सर्व्हर चालवावा. बॅकअपसाठी चालू फाइलची साधी नक्कल न करता एसक्यूलाइटचीच बॅकअप आज्ञा वापरावी, आणि ती प्रत दुसऱ्या इमारतीत किंवा दूरच्या सर्व्हरवर जावी.

साठ्याचे एककही पहिल्याच दिवशी ठरते. वीवेक्स मुळात अमेरिकी एककांत, म्हणजे तापमान फॅरनहाइटमध्ये आणि पाऊस इंचांत साठवते. पानावर मिलिमीटर दिसत असले तरी फाइलमध्ये इंचच असतात. एकाच डेटाबेसमध्ये दोन एककप्रणाली मिसळता येत नाहीत. पाऊस मिलिमीटरमध्ये व वारा मीटर प्रतिसेकंदात ठेवणारी ‘मेट्रिकडब्ल्यूएक्स’ प्रणाली आपल्याकडे सोयीची आहे, आणि ती पहिली नोंद पडण्यापूर्वी निवडावी. नंतर बदल करायचा तर सर्व जुन्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये रूपांतरित करून न्याव्या लागतात.

दैनिक बेरजांवर विसंबून पाच मिनिटांच्या मूळ नोंदी पुसणे टाळावे. वीवेक्सचा दिवस मध्यरात्रीपासून मोजला जातो, तर भारतीय हवामान विभागाचा दैनिक पाऊस सकाळी 8.30 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 8.30 असा धरला जातो. रात्रभर कोसळलेली सर या दोन हिशेबांत वेगवेगळ्या तारखांना पडते, त्यामुळे आपल्या केंद्राची तुलना या विभागाच्या मुंबईतील कुलाबा किंवा पुण्यातील शिवाजीनगर केंद्राच्या आकड्यांशी करायची असेल तर बेरीज मूळ नोंदींवरूनच नव्याने काढावी लागते.