पाणबुडीविरोधी शस्त्रे (महायुद्धकाळ)

पाण्याखाली दडलेली पाणबुडी शोधून नष्ट करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नाविक आयुधांना पाणबुडीविरोधी शस्त्रे म्हणतात. त्यांचा विकास मुख्यतः दोन महायुद्धांत झाला. पाणबुडीचा शेवटचा ठाव लागण्याचा क्षण आणि स्फोटाचा क्षण यांतील अंतर कमी करणे हीच या विकासामागील खरी प्रेरणा होती.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी पृष्ठभागावर आलेल्या पाणबुडीवर तोफा डागणे किंवा तिला जहाजाची धडक देणे, एवढेच उपाय हाती होते. १९१६ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘डी’ प्रकारचा डेप्थ चार्ज वापरात आणला. सुमारे १३६ किग्रॅ. स्फोटकांचे हे पिंप ठरावीक खोलीवरील जलदाबाने फुटत असे.

दुसऱ्या महायुद्धात ॲस्डिक या ध्वनिशोधक यंत्रामुळे पाणबुडीचा माग लागू लागला. परंतु त्याची ध्वनिशलाका पुढच्या दिशेने जात असल्याने जहाज अगदी जवळ पोहोचताच लक्ष्य तिच्या खालून निसटे. जहाज पाणबुडीवरून पुढे जाऊन मागील बाजूने पिंपे टाकी आणि ती बुडेपर्यंत कुशल कप्तान पाणबुडीची दिशा बदलून टाके. शिवाय स्फोटांनी ढवळलेल्या पाण्यात काही काळ ॲस्डिक निरुपयोगी होई.

१९४२ मध्ये वापरात आलेल्या ‘हेजहॉग’ने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. संपर्क तुटण्यापूर्वीच ते २४ लहान बाँब जहाजाच्या पुढे सुमारे २०० मी. अंतरावर वर्तुळाकार फेकत असे. हे बाँब पाणबुडीला आदळले तरच फुटत. त्यामुळे नेम चुकला तरी शोध खंडित होत नसे. चुकलेल्या हल्ल्यात स्फोटच होत नसल्याने नाविकांचा त्यावर लवकर विश्वास बसला नाही, हेही समजण्यासारखे आहे. ब्रिटिश नोंदींनुसार डेप्थ चार्जच्या साधारण ६० हल्ल्यांमागे एक पाणबुडी बुडाली, तर हेजहॉगच्या सहापेक्षाही कमी हल्ल्यांमागे एक. मे १९४४ मध्ये ‘इंग्लंड’ या अमेरिकी संरक्षक नौकेने हेजहॉगच्याच बळावर १२ दिवसांत सहा जपानी पाणबुड्या बुडवल्याचे श्रेय मिळवले. पुढे तीन नळ्यांच्या ‘स्क्विड’ या उखळी तोफेत बाँब फुटण्याची खोली ध्वनिशोधकाकडून आपोआप ठरू लागली. जुलै १९४४ मध्ये तिने ‘यू-३३३’ ही जर्मन पाणबुडी बुडवली.

विमानांच्या बाबतीत केवळ गणिती विचाराने मोठा फरक पडला. दिसलेली पाणबुडी बहुधा पृष्ठभागालगतच असते, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ई. जे. विल्यम्स यांनी दाखवून दिल्यानंतर ब्रिटिश विमानांच्या डेप्थ चार्जची स्फोटखोली सुमारे ३० मी.वरून टप्प्याटप्प्याने ८ मी.पर्यंत आणली गेली. मे १९४३ पासून पाणबुडीच्या पंख्याच्या आवाजाचा मागोवा घेणारा अमेरिकी पाणतीरही (टॉर्पेडो) विमानांतून टाकला जाऊ लागला. गुप्ततेसाठी त्याला ‘मार्क २४ सुरुंग’ असे नाव दिले होते.