कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी

चवथ जवळ आली की गोव्यातल्या गणपतीच्या चित्रशाळांमधून हवा दाबून टाकीत भरणाऱ्या कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येते. पावसात माती आधीच वाळता वाळत नाही, त्यात हवेच्या झोताने रंग फवारणाऱ्या एअरब्रशमधून रंगाबरोबर पाण्याचा थेंब उडाला की मूर्तीच्या गालावर डाग. हे पाणी येतं कुठून?

हवेतूनच. 30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ राहते. हवा 80 टक्के दमट असेल तर 24 ग्रॅम. 100 लिटरची टाकी काट्यावर 8 बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेचा दाब; तेवढी हवा टाकीत आधीच असते) भरली की तिच्यात बाहेरची 900 लिटर हवा कोंबलेली असते, आणि त्या हवेतली साधारण 22 ग्रॅम वाफही. पण निवल्यावर 100 लिटर जागेत वाफ राहू शकते ती 3 ग्रॅमच. उरलेली पाणी होऊन तळाशी बसते. अशा दहा टाक्या हवा वापरली तर जवळजवळ पेलाभर पाणी! टाकी आतून गंजते ती यामुळेच, आणि तो गंज बाहेरून दिसत नाही. काम संपलं की टाकीखालचा नळ रोज उघडा, एवढं मी कळकळीने सांगेन.

पाणी अडवणारा फिल्टर बरेच जण टाकीच्या तोंडालाच लावतात. तिथे हवा गरम असते, पाणी अजून वाफच असतं आणि निसटून जातं. पाचसहा मीटर नळीत हवा निवू द्या, मग रंग फवारायच्या गनच्या जवळ फिल्टर लावा.

विकत घेताना टाकीच्या लिटरवर भुलू नका. टाकी साठवते, हवा पंप देतो. कामाच्या दाबाला प्रत्यक्ष किती सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा मिळते, ते विचारा. नुसतं डिस्प्लेसमेंट, म्हणजे पंपाच्या आकारावरून काढलेला आकडा, सांगितलं तर खरी हवा त्याहून कमीच. एअरब्रशला एक सीएफएमही पुरतो, गाडी रंगवायच्या गनला दहाच्या आसपास लागतात आणि एक एचपीचा पंप तीन-चार देतो. टायरमध्ये हवा भरायला कुठलाही छोटा पंप चालेल. मूर्तीसाठी ऑइल-फ्री, म्हणजे पंपात तेल न लागणारा, घ्यावा. आवाज जास्त, पण रंगात तेल उतरत नाही.

जुना कॉम्प्रेसर घेत असाल तर टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाब सोसते का याची चाचणी, करून घ्या. ती पाण्याने करतात, कारण पाणी जवळजवळ दबतच नाही; टाकी फुटली तरी पाणी गळतं. दाबलेली हवा मात्र साठवलेली सगळी ऊर्जा एका क्षणात सोडते आणि पत्र्याचे तुकडे उडवते.