एलईडी लुकलुकत नाही, म्हणजे बल्ब खराब?

'जुन्या गाडीत एलईडी लावल्यावर इंडिकेटर नुसताच पेटून राहिला, तर बल्ब खराब किंवा वायरिंग गेलं,' असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. बहुतेक वेळा दोन्ही ठणठणीत असतात. जुन्या फ्लॅशरमधली (इंडिकेटर चालू-बंद करणाऱ्या छोट्या डबीतली) धातूची पट्टी प्रवाहाने तापून वाकते, म्हणून दिवा लुकलुकतो. 12 व्होल्टवर 21 वॅटचा साधा बल्ब सुमारे 1.75 अँपिअर घेतो. एलईडी फारच कमी. मग पट्टी पुरेशी तापतच नाही.

खात्रीसाठी त्या बाजूचे जुने बल्ब परत लावा. लुकलुकले, तर एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा.

एलईडी अजिबातच पेटत नसेल, तर मात्र बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते आधी बघा. काही जुन्या गाड्यांत ते पॉझिटिव्ह असतं. तिथे नेहमीचा एलईडी उलटा जोडला जातो. फ्लॅशरही त्याच हिशोबाने निवडा.