नारळ डोक्यात पडून वर्षाला १५० माणसं मरतात?

"शार्कपेक्षा नारळ डेंजर, दरवर्षी डोक्यात नारळ पडून जगात १५० माणसं मरतात" हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय, आणि पटतोही, कारण माडाखाली बसू नको हे आपण कोकणातले लहानपणापासून ऐकतच आलोय.

भीती खरी आहे, आकडा नाही. पापुआ न्यू गिनीत मिल्न बे नावाचा प्रांत आहे, तिथली किनाऱ्यावरची गावं म्हणजे घरं, होड्या, पोरांचं खेळणं सगळं माडाखालीच. तिथल्या हॉस्पिटलात चार वर्षांत दुखापतीमुळे ॲडमिट झालेल्यांपैकी २.५ टक्के लोकांना पडलेला नारळ लागला होता, असा रिसर्च पेपर १९८४ मध्ये छापून आला. म्हणजे तो जखमींचा हिशोब होता आणि तोही एकाच भागातला, जगभरात १५० मेले असं त्यात कुठेच नाही. पुढे ते वाक्य कोणीतरी जोडलं आणि तेच चिकटलं.

स्वतः तपासायचं तर एवढंच विचारा, की हे मोजलं कोणी? मृत्यूचं कारण नोंदवायच्या आयसीडी-१० कोडमध्ये डब्ल्यू-२० म्हणजे 'वस्तू पडून लागलेला मार', त्यात नारळ, वीट, फांदी सगळं एकत्रच, नारळाचा वेगळा रकानाच नाही, मग जगाची बेरीज येणार कुठून?

पण म्हणून माडाखाली बिनधास्त झोपू नका हं. वीस मीटरवरून सुटलेला सोडणासकटचा नारळ खाली येईस्तोवर ताशी ७० किमीच्या आसपास वेग घेतो, डोकं फुटायला तेवढं पुरे.